उकळलेलं

लिहा लिहा म्हणून मराठी मंडळाच्या पोरींनी डोकं खाल्लं. अंकाची दोन पानं कोरी राहिली म्हणे, म्हणून माझी आठवण. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. चुका निघतील त्या तुम्हीच निस्तरा.

सकाळी पार्कात वाद्य घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडे किस्से आपोआप जमतात. जो तो अक्कल शिकवायला थांबतो आणि एक किस्सा ठेवून जातो.

*

वाद्याचं नाव युकुलेले. काखेत मावेल एवढी, चार तारांची गिटार. नात बेंगळुरूला नोकरीला गेली, जाताना मला शिकवून हे ठेवून गेली. माझा जन्म आरामशीनवर लाकडं कापण्यात गेला, कानात करवतच फिरायची. सकाळी हे टुणटुण केलं की बरं वाटतं. दिवसभरात तेवढंच बरं वाटतं.

बायकोला नाव काही जमलं नाही. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून ओरडली, "चहा उकळलाय. तुमचं उकळलेलं ठेवा खाली आणि या."

*

मुलगा म्हणाला, "बाबा, सकाळी माझी मीटिंग असते, बाहेर वाजवा." म्हणून विद्यानगरच्या पार्कात जायला लागलो.

पुढे एकदा त्याला विचारलं, "माझं वाजवणं शेवटचं कधी ऐकलंस रे?"

"परसोंच तर ऐकलं."

आपल्या हैदराबादेत परसों म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. याचं परसों मागच्या दिवाळीतलं होतं.

*

पार्कात हास्यक्लबवाले असतात. हात वर करून हा हा हा करतात. त्यांचे रेड्डीसाब तक्रार घेऊन आले, "अंकल, आप बजाते तो हमकू हँसी नहीं आती."

मी म्हटलं, "वैसे भी किसकू आती?"

मागच्या दोन बायका खऱ्याखुऱ्या हसल्या. रेड्डीसाबनी बाक बदलायला सांगितलं. मला, त्यांना नाही.

*

बायको पार्कात कधी आली नव्हती. "गुडघे बरे झाले की येते," हेच. मी तिच्या आईची जात्यावरची ओवी बसवली होती. बोटं जाड, चुकत चुकत बसवली, पण बसली. तिला सांगितलं नव्हतं. एक दिवस आपणहून म्हणाली, "चला, आज येते."

तिला गेटाशी उभं करून आधी वाद्य बाकावर ठेवलं, मग तिला धरून आणायला परत गेटापर्यंत गेलो. बाकावर दिगंबरराव बसलेले. भजनात पेटी वाजवतात, स्वतःला गवई समजतात. आम्ही येईपर्यंत त्यांनी खुंट्या पिळल्या होत्या.

"वरची तार उंच, तिच्याखालची नीच, असं कुठे असतं का? बाकीच्या ताणून चढत्या क्रमानं करून दिलं."

"अहो, हे तसंच असतं."

"हौ, वाजवून तर बघा."

बायको बाकावर टेकली. मी बोट लावलं. ताडकन आवाज झाला आणि तारा बांधलेली पट्टी उखडून बायकोच्या पायाशी पडली.

ती म्हणाली, "उकळलेलं उतू गेलं."

दिगंबरराव उठले, चष्मा पुसला. "वाद्यातच खोट होती," म्हणाले आणि फेऱ्या मारायला गेले.

बायको परत पार्कात आली नाही.

मी मात्र जातो, रिकाम्या हातानं बसतो. मध्यंतरी दिगंबरराव शेजारी येऊन टेकले. "काय हो, हल्ली वाजवत नाही?"

मी विचारलं, "कधीपासून?"

म्हणाले, "परसोंपासून."

ज्यांनी माझी माफी मागायची राहिली आहे, त्यांचं नाव वर आलंच आहे, तरी परत लिहितो. दिगंबरराव.