नव्या गाडीला ओरखडा

दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मी तिच्यात माझ्या हौसेची म्युझिक सिस्टीम बसवून घ्यायला गेलो. अमरावतीतला मेकॅनिक अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर डिकीच्या पत्र्यावर बोल्टने आवळणार, तेवढ्यात बाबा खांद्यावरचा दुपट्टा सावरत त्याच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. आमच्याकडे नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक आपण काढत नाही, ते आपोआप फाटेपर्यंत वाट पाहतो. बाबांनी तर स्टिअरिंगवरचंही राहू दिलं होतं. मेकॅनिकने रंग खरवडायला पॉलिश पेपर काढला.

"नव्या गाडीले ओरखडा पाडून रायला का बे?" बाबा म्हणाले. "तसाच आवळ."

गिऱ्हाइकाच्या बापाशी कोण डोकं लावणार? त्याने रंगावरच आवळला.

घरी आणून सिस्टीम लावली, तर गाण्यामागे एक बारीक शीळ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. कानात डास शिरून रियाज करतोय, असं वाटायचं. माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिने दारातूनच ऐकलं आणि म्हणाली, "बोल्टाखालचा पेंट घासा. पेंटमधून करंट जात नाही."

मी हसलो. मास्तरीणबाई, हे पुस्तकातलं नाही, असंही वर म्हणालो. बाबा तर गाडीची काच पुसत राहिले. त्यांचे दोन्ही कान अधू. त्यांना शीळच ऐकू येत नव्हती, म्हणजे त्यांच्या लेखी बिघाड नव्हताच.

मग माझी झकमारी सुरू झाली. वायरी या बाजूच्या त्या बाजूला नेल्या, स्पीकर बदलले, कोणीतरी सांगितलं म्हणून फिल्टर लावला. शीळ जशीच्या तशी. बायको रोज एकदा पेंटचं सांगायची आणि मी रोज नवी वायर आणायचो. दिवाळीच्या सुट्टीत ती अकोल्याला माहेरी गेली आणि सुट्टी संपत आली तेव्हा तिचा फोन आला.

"सोमवारी शाळा हाय, म्हणून अमरावतीले येईन. पण घरी नाही, मैत्रिणीकडं. तुमच्या घरात माह्यं बोलणं कोणाच्या कानात शिरत नाही."

ती रागावते तेव्हा भांडते. इतकी शांत बोलली की मी घाबरतो. बाबांना सगळं ओरडून सांगितलं. माझ्या हातचा चहा अर्धा ठेवून उठले. थोड्या वेळाने पाहतो तर डिकीत वाकलेले, बोल्ट काढून बाजूला ठेवलेला आणि हातात पॉलिश पेपर. पत्रा चकचकीत होईपर्यंत ते घासत राहिले. मला हात लावू दिला नाही, बोल्टही परत स्वतःच आवळला.

रविवारी आम्ही दोघं तिला आणायला अकोल्याला गेलो. बायको पुढे बसली, बाबा मागे. मी गाणं लावलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. फक्त गाणं.

"काय केलं?"

"पेंट घासला. बाबांनी."

तिने गाणं बंद केलं. "मी पयल्या दिवशी काय म्हटलं होतं?"

आठवत नाही, असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण चहाला या, हे ज्यांना दोनदा ओरडून सांगावं लागतं, ते बाबा मागून हळूच म्हणाले, "बोल्टाखालचा पेंट घासा, असं म्हटलं होतं तू. आयकू आलं होतं मले."

तिने आपल्या सीटवरचं प्लॅस्टिक फाडायला घेतलं. मूर्तिजापूर येईपर्यंत ती एकेक तुकडा मागे देत होती आणि बाबा निमूट घेत होते.