मेढीला धरून उभा

लहानूभाऊ कुठल्याही लग्नात गेला की आधी मांडवाच्या कडेची मेढ गाठायचा. एका हाताने ती धरायची, दुसऱ्या हाताने वरच्या दोराची गाठ चाचपायची आणि माणसांकडे पाठ करायची. गाठीला काही झालेलं नसायचं. पण माणूस कामात दिसला की त्याला कोणी मधे ओढत नाही, ही त्याची युक्ती.

तो सिंदेवाहीजवळच्या एका गावचा, तळ्यावर मासेमारी करणारा. माझं वडशाला भोंगे आणि ग्रामोफोन भाड्याने देण्याचं दुकान. त्यामुळे आमची भेट लग्नातच व्हायची. तळ्यात एकटा जाळं टाकताना तो असा गायचा, की रस्त्यावरच्याने सायकल थांबवावी. चार माणसं जमली की तोंडाला कुलूप. एकदा मी खोदून विचारलं, तर म्हणाला, "लोकं माह्याकडं पाह्यले लागले का हातपाय कुठी ठेवाव, समजतच नाई बापू. भेव लागते. काऊन लागते, तेबी समजत नाई."

त्या भीतीचंच त्याने गाणं केलं होतं:

मांडव भरला मानसांनं, मी मेढीले धरून उभा,
कोनी बोलवंन म्हून उभा, कोनी बोलवू नये म्हून उभा.

नागपूरला एक कंपनी नवी गाणी ध्वनिमुद्रित करायला आली, तेव्हा मी त्याला जवळजवळ पकडूनच आगगाडीत बसवलं. बंद खोलीत तो फार सुरेख गायला. बाहेर आल्यावर म्हणाला, "पेटीवाला आंधळा होता. पाहनारं कोनीच नोहतं, मंग भेव कायचं?" मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "बापू, हे तिकडं मुंबईकडंच वाजंन ना? आपल्या इकडं नाई ना?"

मी नुसता हसलो. त्याने ते 'नाही' समजून घेतलं आणि मीही समजू दिलं.

पुढे त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, गिरजाचं, लग्न ठरलं. तेव्हापासून त्याची झोप उडाली. मुलीच्या बापाला मेढीमागे लपता येत नाही. मांडवाच्या मधोमध उभं राहून व्याह्याला मिठी मारावी लागते. लग्नाच्या दुपारी तो तसा उभाही राहिला होता. नवं धोतर, डोक्याला पागोटं, ओठ कोरडे. वरपक्ष आत आला, व्याह्याने हात पसरले, आणि मी शहाण्याने नेमकी तेव्हाच त्याच्या गाण्याची नवी आलेली रेकॉर्ड लावली. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं, देवाशपथ.

दुसऱ्या ओळीला लोकांनी आवाज ओळखला. सगळा मांडव त्याच्याकडे वळला. कोणीतरी हसलं. लहानूभाऊचं तोंड पांढरं पडलं आणि तो मागच्या बाजूने निघून गेला. व्याह्याचे हात तसेच पसरलेले राहिले.

"पोरीचा बापच पळून गेला!" वरपक्षात कुजबुज सुरू झाली. "चाला, वरात वापस न्या." बोहल्याजवळ उभी असलेली गिरजा माझ्याकडे बघत होती. मी सुई उचलली.

मी तळ्याकडे पळालो. काठावर नवं पागोटं पडलेलं. तळ्याकडे बघायची हिंमत होईना. मग बघितलं, तर तो छातीभर पाण्यात, जाळ्याच्या बांबूला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा.

"भाऊ, वरात वापस चालली. गिरजा रडून राह्यली."

"तू सगळ्यायले सांगून टाकलं, बापू."

"चुकलं माहं. चाल ना आता."

"मले जायचं हाये रे. पन हात सुटून नाई राह्यला."

मी जोड्यांसकट पाण्यात उतरलो. त्याची बोटं खरंच सुटत नव्हती. शेवटी मी माझं मनगट पुढे केलं. "बांबू सोड, हे धर. तू सोडशीन तवाच मी हटीन."

तो तसाच निथळत मांडवात आला. व्याही दारातच होता. लहानूभाऊने त्याला एका हाताने मिठी मारली. दुसरा हात माझ्या मनगटावर होता. व्याह्याचा नवा सदरा भिजला. पण त्याने वरात थांबवली. मंगलाष्टकं संपेपर्यंत लहानूभाऊने माझं मनगट सोडलं नाही. आठ दिवस ते काळंनिळं होतं.

तो गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ती रेकॉर्ड मी पुन्हा कधी लावली नाही. अजूनही कुठल्या लग्नात गेलो की आधी कडेच्या मेढी बघतो. कोणीतरी गाठ चाचपत उभं असतंच. मी शेजारी जाऊन उभा राहतो, आणि मनगट जरा पुढे करून ठेवतो.