क्लचची दांडी आणि माझं मनगट

सात रस्त्याच्या सिग्नलला माझी मोटरसायकल बंद पडून डाव्या अंगाला कलंडली आणि घरात निकाल लागला : अक्काचा हात गेला. दोन वर्षांपूर्वी माझं डावं मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण तेव्हापासून घरात काहीही पडलं की ते त्या मनगटाच्या नावावर जातं.

गाडी वीस वर्षांची आहे. लांबच्या प्रवासाची, जड, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. मी साठीला टेकलेली बाई. लग्न केलं नाही, नोकरी केली, ही गाडी जुनी घेतली आणि तिच्यावरून बदामी, हंपी पाहून आले. धाकट्या भावाच्या मते एवढं पुष्कळ झालं. मी त्याच्याच कुटुंबात राहते. आमच्या घरात बोलणं तेलुगूत चालतं, पण मला समजावायचं असलं की तो मराठीवर येतो.

"अक्का, आता बास की. हात ऐकत न्हाय तुझा. रविवारी गिऱ्हाईक येतंय, गाडी बघून जाईल."

"हात न्हाय, दांडी ढिली हाय."

"व्हय, आता दांडीवर ढकल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी माझी, कागद माझ्या नावावर, आणि गिऱ्हाईक शोधलं याने. पण खरं सांगायचं तर आत भीतीही होती. हातच गेला असेल तर? मग गाडी गेली, आणि गाडी गेली की मी उंबऱ्याच्या आतली. शनिवारी सकाळी अंगणात गाडीपाशी पाने-पकडी मांडून बसले ते त्या भीतीशी भांडायला.

क्लचची दांडी हँडलच्या डाव्या मुठीपाशी एका बोल्टवर फिरते. दांडीतलं त्या बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं. दांडी नुसतीच वर-खाली डुलत होती. माझी निम्मी ओढ त्या डुलण्यातच जायची, क्लच पुरता सुटायचा नाही, आणि थांबताना गाडी गचका देऊन बंद पडायची. ते पाहून मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले.

मग मी चूक केली, आणि ती अगदी आमच्या घराण्याची चूक होती. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारे. माग खडखडला की ढिली जागा हुडकायची, पत्र्याची पट्टी कापून तिथे ठोकायची आणि खडखड बंद करायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला ढिलं काही बघवत नाही. मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, दांडीच्या वर आणि खाली दाबून बसवला आणि बोल्ट जीव खाऊन आवळला. डुलणं बंद. ऐटीत निघाले, तर गल्लीच्या टोकाला इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी ओढत नाही. आवळलेली दांडी दाबली की परत जागेवर येईना, क्लच अर्धा दाबलेलाच राहिला. गाडी ढकलत घरी आणली. भाऊ दारात उभा होता. त्याने फाटक पूर्ण उघडून धरलं. त्याच्या त्या समजूतदारपणाचा मला जास्त राग आला.

दांडी सोडवली, पिशवीत टाकली आणि रिक्षाने लेथवाल्या चाचांकडे गेले. मागांचे सुटे भाग कातून देण्यात त्यांचा जन्म गेला आहे. पत्र्याच्या पट्ट्या पाहून ते म्हणाले, "जॉबरची पोरगी दिसता तुमी."

"कसं ओळखलंत?"

"ताई, लूम न्हाय ही. हातानं चालायची चीज हाय. जरा खेळ ठेवाच लागतो."

त्यांनी भोक गोल करून घेतलं, पितळेची बारीकशी नळी कातून आत बसवली आणि नवा बोल्ट दिला. दांडी डुलत नव्हती आणि अडतही नव्हती. घरी येऊन मी ग्रीस लावून ती बसवली, केबल जुळवली आणि होटगी रस्त्याला जाऊन आले. प्रत्येक चौकात मुद्दाम थांबले. गाडी एकदाही बंद पडली नाही. मनगट मात्र ठणकत होतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. चाळिशीचा सभ्य गृहस्थ. माझ्या परवानगीची वाट न बघता भावाने त्याला किल्ली दिली. त्याने एक फेरी मारली, क्लच लई हलका हाय म्हणाला आणि किल्ली भावाच्याच हातात परत ठेवली. भाऊ माझ्याकडे वळला.

"दांडी ढिली होती, मान्य. पण खरं सांग अक्का, मनगट दुखतंय का न्हाय?"

परक्या माणसासमोर विचारलं, म्हणजे मी नाही म्हणेन आणि खोटी पडेन, असा त्याचा हिशेब. मी किल्लीसाठी डावाच हात पुढे केला.

"दुखतंय की. रोजच दुखतंय. प्लास्टर काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं ह्याच हातानं तुज्या घरच्या भाकरी थापतीय. तवा कुटं परात विकायला काढलीस?"