माप घेतल्याशिवाय

टेलरबाईंचा एक नेम होता. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, दर खेपेला नव्यानं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. "गेल्या वर्षीचंच माप आहे हो," असं कुणी म्हटलं, की त्या गळ्यातला टेप काढत म्हणायच्या, "गेल्या वर्षीच्या तुम्ही आज घरी बसलात वाटतं? उभ्या राहा सरळ."

म्हणूनच डॉक्टरांनी फाइल मिटून "सोमवारी सकाळी उपाशीपोटी या, गर्भाशयातली गाठ काढून टाकू" असं सांगितलं, तेव्हा बाई खुर्चीवरून हलल्याच नाहीत.

"डॉक्टर, माझं रक्त थांबत नाही."

"बाई, तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. रक्त वेळेत गोठतंय."

"पहिल्या दिवशी गोठतं. दुसऱ्या दिवशी परत सुटतं."

"असं कधी होत नसतं."

"माझ्या ताईचं झालं. अपेंडिक्स काढलं. पहिल्या दिवशी उठून बसली, उशीवरून माझ्याशी भांडली. तिसऱ्या दिवशी गेली."

डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली आणि एक ओळ लिहिली. टेबलापलीकडून उलटी दिसली तरी बाईंनी ती वाचली. 'रुग्ण विनाकारण घाबरते.'

बाई उठल्या. "तुम्ही माप न घेता कात्री लावताय. सोमवारी मी येत नाही."

घरी आल्यावर नणंदेनं फैलावर घेतलं. "वहिनी, एवढे शिकलेले डॉक्टर काय खुळे आहेत? देवावर भरवसा ठेवा आणि झोपा मुकाट्यानं टेबलावर."

"वन्सं, ताईच्या वेळीही सगळ्यांनी देवावरच ढकललं. देवाची मर्जी म्हणे! त्यानं कुठं सही केली होती का?"

बाई देवभोळ्या नव्हत्या, पण देवाला धरून होत्या. रोज मशीनला हात लावण्याआधी डोळे मिटून क्षणभर हात जोडायच्या. मागायच्या काही नाहीत. आज काय करणार आहोत, तेवढं त्याच्या कानावर घालायच्या.

त्याच आठवड्यात चौकातल्या रक्ततपासणीच्या लॅबमधली बाई पांढऱ्या कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आली. टेलरबाईंनी तिच्या मनगटाला टेप लावला आणि बोलता बोलता सगळं सांगितलं. लॅबवाली हात तसाच पुढे धरून ऐकत राहिली.

"टेलरबाई, आमचं मशीन रक्तानं गुठळी धरली की मोकळं होतं. गुठळी धरल्यावर ती घट्ट करायला शेवटचा एक घटक येतो, तेरा नंबरचा. तो आला की नाही, हे आमचं मशीन बघतच नाही. शिकत असताना एकदा वाचलं होतं मी. वीस-तीस लाखांत एखाद्यात तो नसतो."

"म्हणजे कच्चा टाका पडतो, वरून पक्की शिलाई पडत नाही."

"अगदी तस्सं!"

लॅबवालीनं मापाच्या चिठ्ठीमागे एका लांबच्या इस्पितळाचा पत्ता लिहून दिला. तिथं फक्त रक्ताचेच आजार बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. फोन केला तर तीन महिन्यांनंतरची तारीख.

बाईंचा नवरा किल्ल्या बनवायचा. दिवसभर कानसत बसणाऱ्या माणसाला बोलायची सवय कमीच.

"अहो, लवकरची तारीख मिळाली नाही."

"मग?"

"मग जायचं."

"बरं. दुकानाला कुलूप लावतो," तो म्हणाला.

निघण्याआधी बाईंनी तपकिरी कागद पसरला. नवऱ्याला टेप दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं माप दुसऱ्याला घेऊ दिलं. त्यानं खांदा मोजताना श्वास रोखला होता. "अहो, श्वास मी रोखायचा, तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कोटाचा नमुना कापतात तसे स्वतःच्या अंगाचे दोन नमुने कापले, एक पुढचा, एक पाठीचा. त्यावर लहानपणापासूनची एकेक जखम मांडली. प्रत्येकीपुढे दोन नोंदी केल्या, कधी लागलं आणि कधी उलटलं. गुडघा: सकाळी पडले, लगेच थांबलं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. अक्कलदाढ: काढली तेव्हा ठीक, दुसऱ्या दिवशी उशी भिजली. बेंबी: नाळ पडल्यावर पंधरा दिवस रक्त. ही शेवटची नोंद म्हाताऱ्या आईनं फोनवर सांगितली होती. "तुझ्या ताईचंही तस्संच होतं गं," असं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

अकरा तासांचा प्रवास. गाडीत गर्दी नव्हती, पण नवरा वाटेच्या बाजूला दोन्ही कोपर पसरून बसला होता. कुणाची पेटी बायकोला लागू नये म्हणून तो स्वतःच पेटीसारखा झाला होता.

इस्पितळातल्या खिडकीवरच्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "तारीख नसेल तर भेट नाही."

"आणि बसायला तारीख लागते का?"

"बसा की. बसायला कोण नाही म्हणतंय?"

बाई डॉक्टरीणबाईंच्या दाराच्या बरोब्बर समोर बसल्या. मांडीवरून पार जमिनीपर्यंत कागदी नमुना पसरला आणि नुसत्याच बसून राहिल्या. कारकून दोनदा येऊन "वाटेत येतंय, कागद गुंडाळा" म्हणाला, दोन्ही वेळा त्यांनी तो बोटभर सरकवला. दुपारी दार उघडलं. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई चहाला निघाल्या होत्या. त्यांचा पाय कागदाजवळ अडखळला.

"हे काय आहे?"

"मी आहे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई वाकल्या. गुडघा वाचला, दाढ वाचली, बेंबीपाशी बोट ठेवून थबकल्या. चहा राहिला. त्यांनी दोघांना आत घेतलं. सगळं विचारून झाल्यावर हलकेच म्हणाल्या, "एक गोष्ट इथं लिहिलेली नाही. दिवस गेले होते कधी?"

बाईंनी मान खाली घातली. उत्तर नवऱ्यानं दिलं. "दोनदा. राहिलं नाही एकही."

डॉक्टरीणबाईंनी ते नमुन्यावर स्वतः लिहून घेतलं.

मग बाईंचं रक्त घेतलं, आणि पाठोपाठ नवऱ्याचंही.

"माझं कशाला?"

"शेजारी ठेवायला. मापायचं तर पट्टी नको? दोघांच्या रक्ताची गुठळी करून एका द्रवात ठेवतो. चांगली गुठळी त्यात टिकते. सकाळी या."

सकाळी मेजावर काचेच्या दोन नळ्या उभ्या होत्या. नवऱ्याच्या नळीत शर्टाच्या गुंडीएवढा पांढुरका गोळा तरंगत होता. बाईंच्या नळीत नुसतं पाणी. गुठळी पार विरघळली होती.

"अजून एक चाचणी नक्की करायला धाडते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मला शंका उरलेली नाही. तेरा नंबरच."

नवरा नळीकडे बघत राहिला. "माझ्यातला हिला देता येतो का?"

"तुमच्या एकट्याच्यानं भागणार नाही. पुष्कळ माणसांनी दिलेल्या रक्तातून तो वेगळा काढतात. ऑपरेशनच्या आधी द्यायचा. मी पत्र देते."

"माझ्या ताईला हे एवढंच लागलं असतं?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक हो."

बाईंनी दोन्ही नळ्या पुन्हा एकदा पाहिल्या. रडल्या नाहीत. कागद मात्र घडीवर घडी घालत इतका लहान केला, की तो मुठीत मावला.

परत आल्यावर त्या पहिल्याच डॉक्टरांपुढे जाऊन बसल्या. दुसरीकडे कापून घेता आलं असतं, पण फाइल इथं होती. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे मी पुस्तकाबाहेर कधी पाहिलं नव्हतं, बाई. तयारी करू आपण. पत्रात लिहिलंय तसंच."

"आधी ती ओळ खोडा."

"कुठली? अहो, ती जुनी नोंद आहे. आता तिचं काय..."

"ताईच्या फाइलमध्ये काय लिहिलं होतं, ते मला कधी वाचायला मिळालं नाही. माझ्यातलं मी वाचलंय. खोडा."

खोलीतली नर्स खिडकीबाहेर बघू लागली. डॉक्टरांनी पेन उघडलं, ओळीवर रेघ मारली, बाजूला सही केली आणि वर लिहिलं, 'रुग्णाचं म्हणणं खरं होतं.'

बाईंनी फाइल सरळ फिरवून ते वाचलं. "आता चालवा कात्री."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी नणंद भेटायला आली, तेव्हा बाई उशीला टेकून नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण बघत होत्या. कुणीतरी परक्यानं लावलं होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

"देवाची कृपा हो, वहिनी," नणंद म्हणाली.

"आहेच. मी कधी नाही म्हटलं? पण वन्सं, ती घ्यायला अकरा तास लांब जावं लागलं. घरी बसून राहिले असते, तर तुम्ही आज मर्जी म्हणाला असता."

"बाई गं! अंथरुणातून भांडताय!"

"तिसऱ्या दिवशी," बाई म्हणाल्या.

नर्सनं पट्टी उचलून पाहिली आणि मान डोलावली. बाईंनी नवऱ्याकडून घड्यांनी चुरगळलेला नमुना मागून घेतला, मांडीवर तळव्यानं सपाट केला. पोटावर टाक्याची आडवी रेघ काढली. पुढे दोन नोंदी. कधी लागलं, त्यापुढे तारीख घातली. कधी उलटलं, तिथं पेन थांबवून क्षणभर डोळे मिटले, देवाच्या कानावर घातलं आणि मग लिहिलं: तिसरा दिवस. कोरडं.