मी शिकवलेलं ‘नाही’

पुण्यात असताना मी पत्रकं लिहायचे. फीवाढ, वसतिगृहाचं पाणी, कंत्राटी शिक्षक, विषय कुठलाही असो, चार ओळींत कुणाला तरी झोडपणं मला छान जमायचं. सिंगापूरला नोकरीवर आले तर रस्त्यावर घोषणा द्यायची सोयच नाही. मग ती हौस मी वर्गात भागवली, आणि भोवली ती दुसऱ्याच माणसाला.

मी ज्या संस्थेत इंग्रजी शिकवायचे, ती मला आठवड्यातून दोनदा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कोरियन कंपनीत पाठवायची. सहा इंजिनिअर. व्याकरण माझ्याहून चोख, पण बोलायला लागले की प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाचं. कोरियन बोलणं तसंच असतं. आपलंही फार वेगळं नाही. इंग्रजीत मात्र नेमक्या अक्षरावर आघात पडला नाही, वाक्याचा शेवट खाली आला नाही, की ऐकणारा मध्येच तोडतो. मी घोषणा बसवायचे तशीच वाक्यं बसवायचे: आघात आला की टेबलावर मूठ.

सहांतले सर्वांत मोठे एक प्रोजेक्ट लीड होते. माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मी दिलेला कागद दोन्ही हातांनी घ्यायचे आणि ‘टीचर’ म्हणताना किंचित वाकायचे. मीटिंगमध्ये त्यांना कुणी वाक्य पुरं करू द्यायचं नाही. सोलहून डायरेक्टर आढावा घ्यायला येणार होते आणि ह्यांचं इथलं राहणं त्यावर ठरणार होतं.

“टीचर, मला अजून दोन वर्षं हवीत,” ते म्हणाले. मुलगी इथल्या शाळेत होती. दोन वर्षांत तिची शाळा संपली असती. मधेच परत नेली, तर तिकडच्या अभ्यासात तिचा निभाव लागणार नव्हता.

मी त्यांच्याच कामातलं वाक्य घेतलं. जूनपर्यंत काम होणार नाही, हे सगळ्या टीमला माहीत होतं. “नो. वी विल नॉट बी रेडी इन जून.” ‘नॉट’वर मूठ, शेवट खाली. ते दर वेळी शेवट हवेत सोडून द्यायचे.

“टीचर, वरिष्ठांना असं बोलणं म्हणजे मारल्यासारखं आहे.”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“जरा अवघड दिसतंय, म्हणतो. बाकीचं ते समजून घेतात.”

“आणि नाही समजले तर?”

“समजतात.”

मी पेटलेच. ही सरंजामशाही आहे, खरं बोलताना आवाज चोरावा लागत असेल तर ती नोकरी काय कामाची, वगैरे वगैरे. अख्खं पत्रक ऐकवलं. बाकीचे पाच जण वहीत बघत होते. लीड शांतपणे म्हणाले, “ओके, टीचर,” आणि तीन आठवडे घोटून घोटून वाक्य बसवलं.

शिक्षकाचा शब्द मोडायचा नाही, म्हणून त्यांनी माझं ऐकलं. ज्या रीतीला मी शिव्या घालत होते, तिच्याच जोरावर माझं चाललं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं.

आढाव्याला मला मागे बसू दिलं. ऑस्ट्रेलियन आणि सिंगापुरी मंडळी होती, त्यामुळे सगळं इंग्रजीत. डायरेक्टरांनी जूनचं विचारलं. आमचे लीड उठले. “नो.” मग पूर्ण वाक्य. आघात जागेवर, शेवट खाली. एक ऑस्ट्रेलियन मॅनेजर मान डोलवून म्हणाला, “गुड. क्लिअर.” डायरेक्टरांनी पेनाला टोपण लावलं. टेबलाभोवतीचे सगळे कोरियन आपापल्या कपाकडे बघायला लागले. परक्यांच्या देखत, हाताखालच्या माणसाने, असं तोंडावर!

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “टीचर, बरोबर होतं?”

“परफेक्ट,” मी म्हणाले.

महिन्याच्या आत त्यांना परत बोलावणं आलं. बुकित बातोकच्या फ्लॅटमधली माझी रूममेट, नागपूरची, हे ऐकून म्हणाली, “अगं बाई, तू त्यांना मोर्चात उतरवलंस आणि स्वतः फुटपाथवर उभी राहिलीस!” मला तिचा भयंकर राग आला, कारण ते खोटं नव्हतं.

शेवटच्या वर्गाला त्यांनी मला खाण्याच्या सुक्या शेवाळाचा डबा दिला. मुलगी चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती, एवढंच सांगितलं. मला वाटत होतं, ओरडा की माझ्यावर! ते कमरेतून वाकले, आभार मानले आणि गेले.

जून आला. काम झालं नव्हतं.

कंपनीने संस्थेला ‘उत्तम प्रगती’चं पत्र पाठवलं, कारण वर्गाच्या आधीच्या आणि नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांचे उच्चार सुधारलेले दिसत होते. संस्था चालवणाऱ्या आमच्या मॅडम खूश. “नेक्स्ट बॅच, कॅन ऑर नॉट?” जमेल की नाही, हे त्यांनी सिंगापुरी थाटात विचारलं. राजीनामा मी मनात केव्हाच लिहिला होता, मथळ्यासकट. पण माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, त्यांच्या संस्थेचा. तो गेला की मीही परत.

“कॅन,” मी म्हणाले.

त्याच कंपनीतल्या नव्या बॅचला पहिल्या दिवशी विचारलं, काय शिकायला आवडेल? त्या मीटिंगला हजर असलेला एक तरुण इंजिनिअर उभा राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “टीचर, फक्त आकडे शिकवाल का? थर्टीन आणि थर्टी, असे.”

बाकीच्यांनी घाईघाईने माना हलवल्या.

महिनाभर मी आकडे शिकवले.