निम्म्या पावसाचा गिलास

विनीतच्या हातून आजवर पुष्कळ गोष्टी फुटल्या होत्या, पण सरकारी पाऊस फुटण्याची ही पहिलीच खेप. पाणलोटाचा नकाशा करायला तो पावस गावाजवळच्या या खेड्यात आला होता. भिकाजीकाकांच्या अंगणातला पर्जन्यमापक बघताना कौतुकाने मोजणीचा गिलास उचलला, नि तो कातळावर ठेवायच्या आत कातळच वर आला असावा.

"माफ करा हां काका. उद्या सकाळच्या आत नवा आणतो."

काका तुकडे वेचत होते. ते रागावले नाहीत, याचीच विनीतला भीती वाटली.

भिकाजीकाका सव्वीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजत. मानधन इतकं, की त्यात छत्रीची काडी बदलून मिळावी. पण नकाशावर तीन दिवस घालवून विनीतला न उमगलेलं त्यांनी हात वर करून सांगितलं, "ते माज्या घराचं आढं बघ. मागल्या कौलांवरचं पाणी पावस गावाकडं जातं, पुढल्या कौलांवरचं खालच्या ओढ्याला, वहाळाला. ह्या सड्याचं, वरच्या कातळाच्या माळाचंही तसंच. तुजा तो पाणलोट म्हंजे दुसरा काय?"

"आणि सडा केवढा?"

"या अंगाला चाळीस हेक्टर. एक मिलिमीटर म्हंजे चौरस मीटरला एक लिटर. सड्यावर चार लाख. तवा एकाचा आकडा चुकला तर चार लाख चुकतात."

शेवटचं वाक्य ते वहाळाकडे बघत म्हणाले. खाली वाडी होती म्हणे. आता तांबडी माती, नि तिच्यातून वर आलेला एक माड, तोही आडवा.

संध्याकाळी विनीत रत्नागिरीहून नवा गिलास घेऊन आला. उंची तीच, जाडी तीच. काकांनी तो उजेडात धरला आणि खाली ठेवला.

"वरच्या रेघेवर काय लिवलंय?"

"दहा."

"फुटला त्याच्यावर वीस व्हतं."

"नवं मॉडेल असेल, काका."

"मीही असंच म्हटलेलं," काका म्हणाले नि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका गुरांच्या डॉक्टरची दहा मिलिलिटरची पिचकारी घेऊन बसले. मापकाचं तोंड शंभर चौरस सेंटीमीटर, म्हणजे एक पिचकारी पाणी बरोबर एक मिलिमीटर. त्यांनी एक पिचकारी नव्या गिलासात सोडली. पाणी पहिल्या रेघेच्या अर्ध्यावरच थांबलं.

"दुप्पट तोंडाच्या मापकाचा गिलास हाय ह्यो," काका म्हणाले. "निम्मा पाऊस दाखवतो."

आणताना मापकाचं तोंड केवढं, हे विनीतने विचारलंच नव्हतं. देणाऱ्यानेही नव्हतं.

"पाच पावसाळ्यांमागं जुना गिलास तडकला, तवाही असलाच आला. खाली माजी भैण व्हती, कमळा. रोज साडेआठला वहाळाकडनं हाक मारायची, दादा, किती? दोनशेच्या वर गेला की अकराच्या अकरा घरं सड्यावरच्या देवळात यायची, अशी रीतच व्हती. त्या दिवशी मी वरडलो, एकशेवीस. ती म्हणली, मंग भाकऱ्या थापते." काकांनी पिचकारी पुसली. "दुपारी डोंगर खाली आला. पडला व्हता दोनशेचाळीस."

चुकलेले एकशेवीस, म्हणजे चार कोटी ऐंशी लाख लिटर. विनीतच्या डोक्यात नको असताना हिशेब झाला.

"बस. तू मोज," काका म्हणाले.

मापकाच्या बाटलीत साठलेलं पाणी काका पिचकारीत ओढून बादलीत सोडू लागले आणि विनीत शाळेतल्या पोरासारखा मोठ्याने मोजू लागला. अंगणात वारा नव्हता. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास...

खालून, आडव्या माडाच्या बाजूने, हाक आली. लांबवलेली, बाईची.

विनीतचा आकडा तोंडातच राहिला. मोर असेल. मोर असाच ओरडतो. रत्नागिरीत मोर असतातच की.

काकांनी मान वर केली नाही. "थांब गो, मोजतोय," ते खालच्या बाजूला म्हणाले. मग विनीतला, "पन्नास."

"प... पन्नास."

चौसष्टला बाटली रिकामी झाली. काकांनी ती उलटी करून झटकली, शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहिली, आकडा वहीत लिहिला आणि अंगणाच्या दगडी गडग्यावर हात टेकून उभे राहिले.

"चौसऽऽष्ट!"

दरीत आवाज उतरत गेला. परत काही आलं नाही. काकांच्या खांद्यांवरचं ओझं मात्र उतरल्यासारखं दिसलं, उद्या साडेआठपर्यंत तरी.

विनीत गडग्याशी आला, पण खाली बघायला धजला नाही.

"काका, खाली तर आता कोणी राहत नाही ना?"

"ऱ्हात नाय. इचारते."