बिनमेणाचे नाना

नाना अख्खा अर्ज खटाखट टाइप करायचे आणि ‘युअर्स सिन्सिअरली’पाशी आले की हात काढून घ्यायचे. “ही ओळ तुझी तू,” म्हणायचे. समोरच्याला टाइपिंग येवो न येवो, त्याला मशीनपुढे बसवून एकेक अक्षर शोधायला लावायचे. मागे माणसं ताटकळलेली, कोणाला नानाखेडा बसस्टँडवरून बस पकडायची, पण नानांना घाई म्हणून नाही. बघणाऱ्याचाच जीव टांगणीला लागायचा.

उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकापासून दोन गल्ल्या आत, कापडाच्या दुकानाच्या वर त्यांची टाइपिंग इन्स्टिट्यूट होती. इन्स्टिट्यूट कसली, नऊ मशिनी, एक पंखा आणि नाना! रेल्वेतली स्टेनोची नोकरी संपल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला होता. बारावीनंतर आईने मला तिथे धाडलं. “तोंड चालतंच तुझं, जरा बोटंही चालू देत,” असं तिचं म्हणणं. पहिल्याच दिवशी नानांनी माझा वेग पाहिला आणि म्हणाले, “आराम से, बाई. मशीन पळून नाही चाललंय.”

ती ओळ टाइप करण्याआधी गोष्ट ऐकावी लागे. जुन्या काळी रोममधले लबाड मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवून मूर्ती विकत. जो प्रामाणिक, तो सांगे, माझी मूर्ती बिनमेणाची. त्या ‘बिनमेणाची’साठी जे लॅटिन शब्द, त्यांतून म्हणे ‘सिन्सिअर’ आला. मग नाना चष्म्यावरून बघत. “उज्जैनच्या मे महिन्यात अकरा वाजता रस्त्यावर उभं राहायचं. मेण भरलेलं असेल तर तिथल्या तिथे कळेल. बोल, करणार सही?” माणूस हसायचा, पण सही करताना जरा सरळ बसायचा. माझ्या अर्जावर सही करताना मी स्वतःही तशीच बसले होते.

तेव्हा सरकारी जागा आटत चालल्या होत्या आणि पेपरात रोज नव्या खाजगी कंपन्यांच्या जाहिराती. जो तो अर्ज करत सुटलेला. त्यातच समोर कम्प्यूटर सेंटर उघडलं, काचेचं दार, आत एसी. नानांकडे शिकणारी मुलं एकेक करून तिकडे गेली. नऊपैकी पाच मशिनींवर कायमची झाकणं चढली. अर्जवाले तेवढे टिकले, आणि तेही त्या गोष्टीपायी. ‘नाना की कहानी सुनके साइन करो तो कॉल आता ही है,’ असं गावात पसरलं होतं. थोडक्यात, त्या गोष्टीवर नानांचं दुकान चालू होतं.

मी एमए करायला इंदूरला गेले. तिथल्या लायब्ररीत शब्दांच्या मुळांचा एक जाडजूड कोश होता. सहज म्हणून ‘सिन्सिअर’ काढला. मेणाची गोष्ट लोकप्रिय आहे, पण तिला आधार नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्भेळ. बस्स. आधी मला हसू आलं, मग वाटलं, नानांना सांगायचं कसं?

दोन महिने गिळून बसले. दिवाळीत भेटायला गेले तर नाना एका मुलीला तीच गोष्ट रंगवून सांगत होते. शेवटी माझ्याकडे वळले, “काय प्रोफेसरीणबाई, बरोबर ना?” मी “हो” म्हटलं. ते ‘हो’ इतकं जड गेलं की ती मुलगी जिना उतरली तशी मी सगळं ओकून टाकलं.

नानांनी रुमालाने चष्मा पुसला. “मला रेल्वेतल्या साहेबांनी सांगितलं होतं. कोश उघडायचं कधी डोक्यातच आलं नाही. पान उतरवून आणशील?” पुढच्या आठवड्यात आणलं. त्यांनी दोनदा वाचलं. मी म्हटलं, “नाना, गोष्ट गोड आहे, चालू द्या. कोणाचं काय बिघडतंय?” नाना माझ्यावर चिडले ते तेवढे एकदाच. “अगं, शब्द कोणता आहे बघ तरी! ह्याच शब्दाबद्दल खोटं सांगून मी लोकांच्या सह्या घेतल्या?”

प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी ठेवायची त्यांची पद्धत. त्या गठ्ठ्यांतून त्यांनी नावं-पत्त्यांची यादी काढली. गावाबाहेरच्यांना पोस्टकार्डं टाकली आणि गावातल्यांसाठी सायकल बाहेर काढली. कोणी चहा पाजला. एक जण म्हणाला, “नाना, नौकरी तो लग गई, अब मोम हो या मक्खन!” कोणी पाठीमागे म्हणाले, “सठिया गए.” नानांचं ठरलेलं वाक्य एकच, “मी चुकीचं सांगितलं होतं, दुरुस्त करून घ्या.”

गोष्ट थांबली आणि अर्जवालेही समोरच्या काचेच्या दारात शिरले. झाकण घातलेल्या मशिनी भंगारवाला घेऊन गेला. मला रात्रंदिवस एकच वाटायचं, हे मी केलं. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी कॉलेजात शिकवते, पण ती टोचणी काही पुरती गेलेली नाही.

त्या दिवाळीनंतरच्या होळीला मी घरी आले होते, तेव्हा एका सकाळी नाना आमच्याकडे आले. आईने “बसा ना” म्हटलं, तर बसले नाहीत. घामाघूम झाले होते, हातात ती यादी. मला दारात बोलावलं आणि म्हणाले, “सिन्सिअर शब्दाचा मेणाशी संबंध नाही. अर्थ शुद्ध, निर्भेळ. मी चुकीचं सांगितलं होतं, दुरुस्त करून घे.”

मला रडावं की हसावं कळेना. “अहो नाना, हे मीच तर सांगितलं तुम्हाला!”

“तू मला सांगितलंस,” नाना म्हणाले. “मी तुला कुठे सांगितलं होतं?”

आणि माझ्या नावापुढे खूण करून ते पुढच्या घरी गेले.